फ्रेंडशिप शिखर : एकाच उतारावरच्या दोन रात्री

रत्नागिरीहून आम्ही सहा जण मे महिन्याच्या अखेरीस मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर गेलो होतो. ५२८९ मीटर उंचीचे हे शिखर पीर पंजाल रांगेत, सोलंग खोऱ्याच्या माथ्याकडे आहे. हिमावरच्या चालीचे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्यांना अनुभवी वाटाड्याच्या सोबतीने ते आवाक्यातले मानले जाते. त्याच्या एकाच उतारावर आम्ही लागोपाठ दोन रात्री चढलो. पहिल्या रात्री गुडघाभर बर्फात रुतत साडेचार हजार मीटरच्या आसपासून माघारी फिरलो आणि दुसऱ्या रात्री त्याच जागी बुटाची टाचही उमटत नव्हती. मधल्या चोवीस तासांत नवा बर्फ पडला नव्हता, वाटही तीच होती. बदलले होते ते रात्रीचे आकाश. निघण्यापूर्वी जो भेटेल त्याला आम्ही "वर बर्फ किती आहे?" असे विचारत होतो. तो बर्फ किती वाजता कसा असतो, हे विचारायला हवे होते, आणि कोकणातून पुढे जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आमच्या तीन आठवडे आधी गेलेल्या एका ओळखीच्या चमूने वाटेतल्या बकरथाच या कुरणापासूनच बर्फ लागल्याचे सांगितले होते आणि त्यांच्या वाटेची जीपीएस नोंदही दिली होती. प्रत्यक्षात आम्ही पोहोचलो तेव्हा बकरथाच हिरवेगार होते, मेंढपाळांची वर्दळ सुरू झाली होती आणि सलग बर्फ लागला तो लेडी लेगच्या तळाच्याही वर. त्यांची नोंद ज्या घळीतून सरळ वर जात होती ती घळ त्यांच्या वेळी बर्फाने भरलेली होती. आमच्या वेळी तिच्यातून पाणी वाहत होते आणि दोन्ही अंगांना सुटा घसारा उघडा पडला होता. तिच्यातून चढण्याचा हट्ट धरला असता तर वरून सुटणाऱ्या दगडांखाली दोन तास गेले असते. म्हणून मे-जूनमध्ये दुसऱ्याची नोंद दिशा कळण्यापुरती वापरावी, पाऊल कुठे टाकायचे ते डोळ्यांनी आणि वाटाड्याच्या सल्ल्याने ठरवावे. वितळणीच्या दिवसांत तीन आठवडे फार मोठा काळ असतो.

प्रवास सोपा आहे. मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीन आणि दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली असा आम्ही केला. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा वाहतुकीला खुला झाला आणि त्याचे दक्षिणेकडचे तोंड धुंडीजवळ असल्यामुळे आता गाडी पायवाटेच्या अगदी जवळ नेऊन सोडते. ही सोय आहे आणि समुद्रकाठच्या माणसाला धोकाही आहे, कारण रत्नागिरीतून निघालेला माणूस चौथ्या दिवशी ३३०० मीटरवर झोपू शकतो. आम्ही मनालीत, म्हणजे सुमारे २०५० मीटरवर, दोन रात्री, बकरथाचला दोन रात्री आणि ३८४० मीटरच्या लेडी लेग तळावर चढाईआधी दोन रात्री काढल्या. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. आमच्यातल्या एकाचे बकरथाचला डोके दुखू लागले आणि जेवण जाईना. आम्ही त्याला तिथेच एक दिवस जास्त थांबवले, एक वाटाड्या सोबत ठेवला आणि दुखणे उतरल्यावरच तो वर आला. डोकेदुखी आणि मळमळ असताना वर चढायचे नाही, आणि चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचे, हे आम्ही निघण्यापूर्वी घरच्यांसमोर ठरवले होते. गोळ्यांचा विचार मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

बकरथाचच्या खाली एका ओढ्यावर हिवाळ्यातल्या बर्फाचा पूल शिल्लक होता. आपल्याकडे पऱ्यावर साकव असतो तसाच तो दिसतो, पण साकव वरून झिजतो आणि हा पूल खालून, त्यामुळे वरून बघून त्याची जाडी कळत नाही. मधला भाग ताटासारखा खोलगट झाला असेल, रंग पांढऱ्याचा करडा झाला असेल किंवा पाण्याचा आवाज पायाखाली स्पष्ट येत असेल, तर तो ओलांडू नये. सकाळी सातला तो काठीने ठोकून पाहिला तेव्हा खणखणीत वाजला. तरीही आम्ही एकेक करून, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ओलांडला, म्हणजे पडलोच तर पिशवी झटकता यावी.

आता त्या पहिल्या रात्रीविषयी. दुपारपासून मळभ होते, वारा पडलेला होता आणि तंबूत आश्चर्य वाटावे इतकी ऊब होती. आम्हाला ते शुभलक्षण वाटले. थंडी कमी म्हणजे त्रास कमी, असा आमचा भोळा हिशेब होता. खरे तर आमच्यात दोन आंबा बागायतदार होते आणि त्यांना तरी ही खूण ओळखता यायला हवी होती, कारण मोहोराच्या दिवसांत आकाश मोकळे असेल तर पहाटे गारठा पडतो आणि मळभ आले की उकाडा राहतो, हे त्यांनी जन्मभर पाहिले आहे. बर्फाचेही तसेच आहे. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि दिवसा भिजलेला वरचा थर गोठून कवच तयार होते. हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी हे घडू शकते. ढग असले की ती उष्णता अडते, थर गोठत नाही आणि उतार रात्रभर भिजलेल्या साखरेसारखा राहतो. वाटाड्याने संध्याकाळीच शंका बोलून दाखवली होती, पण तळाभोवतीचा बर्फ थोडा कडक वाटल्यामुळे आम्ही साडेबाराला निघालो. पहिला तास बरा गेला. मग पाय घोट्यापर्यंत, नंतर गुडघ्यापर्यंत जाऊ लागला. पुढच्याने पाडलेल्या पायरीत मागच्याचा पाय आणखी खोल जात होता आणि ताशी शंभर मीटरही उंची मिळत नव्हती. उतार ३५ अंशांच्या पुढे गेला तसा वाटाड्या थांबला. त्याने हिमकुऱ्हाडीचा दांडा बर्फात टाकला, तो विनासायास पात्यापर्यंत आत गेला, आणि एवढ्यावरच त्याने परतायचे सांगितले. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि आतपर्यंत भिजलेला, न गोठलेला थर हे त्यांचे एक ठळक कारण असते. पहाटेच्या अंधारात हा थर असा असेल तर ऊन आल्यावर त्याचे काय होईल, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

यावरून आम्ही जी तपासणी ठरवली ती पुढच्यांनी अवश्य करावी. रात्री दहाला आणि निघण्याच्या आधी तंबूबाहेर यावे, तारे दिसतात का ते पाहावे, तंबूच्या बाहेरच्या कापडावर हिमाचा पापुद्रा धरला आहे का ते हाताने चाचपावे आणि तळापासून शंभर पावले वर जाऊन संपूर्ण वजन एका पायावर टाकून उभे राहावे. कवच तुटून पाय घोट्याच्या वर गेला तर त्या रात्री झोपावे. ताजा बर्फ पडला असेल तर ही कसोटीही पुरेशी नाही. नव्या बर्फानंतरचे पहिले एक-दोन दिवस, आणि वाऱ्याने तो एका बाजूला रचला असेल तर त्याहून अधिक काळ, थांबणेच योग्य. पायाखालून 'धप्प' असा पोकळ आवाज आला तर तिथूनच फिरावे. उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी गिर्यारोहण शिकणाऱ्यांचा मोठा चमू हिमस्खलनात सापडला, त्यात अनेकांचे प्राण गेले. प्रशिक्षण आणि साधने हाताशी असतानाही उतार असा सुटू शकतो.

आम्हाला दुसरी संधी मिळाली ती राखीव दिवसामुळे, आणि तो दिवस आम्ही जवळजवळ रद्द केला होता. मृग लागण्यापूर्वी घरी पोहोचायचे, पेरणीची तयारी करायची, म्हणून परतीची तिकिटे अगदी घट्ट काढावीत असा आग्रह होता. शेवटी एक दिवस ठेवला. माझ्या मते एकही पुरेसा नाही. दोन ठेवावेत, आणि ते शक्य नसेल तर आंबा लवकर संपणाऱ्या वर्षाची वाट पाहावी.

दुसऱ्या रात्री आकाश लख्ख होते आणि तंबूचे कापड पत्र्यासारखे ताठ झाले होते. आम्ही पाच जण दोन वाटाड्यांसह बाराला निघालो. क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या दातेरी सांगाड्याचे, दात कवचात करकरत बसत होते आणि जिथून आदल्या रात्री परतलो त्या जागी आम्ही सव्वातीनलाच होतो. त्यापुढे हिमातल्या भेगांचा भाग येतो, तिथे दोर बांधून चालावे लागते. ताज्या बर्फाने भेगेचे तोंड झाकलेले असू शकते, म्हणून आधीच्या पाऊलखुणा दिसल्या तरी दोर सोडू नये. दोघांचा वेग कमी पडू लागला तेव्हा ते ठरल्याप्रमाणे एका वाटाड्याबरोबर फिरले. उरलेले तिघे आठ वाजून दहा मिनिटांनी माथ्यावर होतो. समोर हनुमान टिब्बा, मागे देव टिब्बा आणि इंद्रासन, आणि खाली बियासचे खोरे. आम्ही वीस मिनिटेच थांबलो, कारण कुठेही असलो तरी नऊला खाली तोंड करायचे हे ठरलेले होते.

खरी परीक्षा उतरताना झाली. साडेनऊपर्यंत वरचा उतार चांगला होता, साडेदहाला पृष्ठभाग चिकट झाला आणि क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गोळे धरू लागले. असा गोळा धरला की दात बर्फापर्यंत पोहोचतच नाहीत आणि पाय लाकडी खडावांसारखा घसरतो. दर दोन-तीन पावलांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने बुटाला टोला द्यावा लागतो. गोळे न धरणाऱ्या पट्ट्या लावलेले क्रॅम्पॉन भाड्याने मिळत असतील तर तेच घ्यावेत. उन्हामुळे कातळातले गोठलेले दगडही सुटू लागतात, म्हणून शिरस्त्राण उतरतानाही डोक्यावर हवे. तळावर सव्वाबाराला पोहोचलो तेव्हा शेवटच्या पट्ट्यात पाय मांडीपर्यंत जात होता. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर ओहोटीला ज्या ओल्या वाळूवर सायकल चालते, तीच जागा भरतीला पाण्याखाली असते आणि तिथे पोरेही वेळ पाहूनच जातात. बर्फाचीही वेळ तितक्याच काटेकोरपणे पाहावी लागते, फरक इतकाच की तिचे कोष्टक छापलेले मिळत नाही.

साहित्यातली एक गोष्ट खास आपल्या किनाऱ्याची आहे. आमच्यातल्या एकाचे चांगले, फारसे न वापरलेले ट्रेकिंगचे बूट पाच पावसाळे कपाटात होते. धुंडीतून निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तळव्यातला मऊ थर चुरा होऊन बाहेर आला. पॉलियुरेथेनचा हा थर दमट हवेत आतून विघटित होतो आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी जुने बूट घालून ओझ्यासह दोन-तीन मोठ्या चाली कराव्यात. डोळ्यांबाबतही हयगय नको. उंचीच्या दर हजार मीटरमागे अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे बाजूंनी झाकलेला, चौथ्या श्रेणीचा गडद चष्मा हवा आणि चमूत एक जादा हवा.

सरावासाठी आम्ही शृंगारपूरहून प्रचितगड आणि चोरवण्याहून नागेश्वर हे चढ पंधरा किलो ओझ्यासह केले, पण मऊ बर्फात उपयोगी पडली ती कोरड्या पुळणीवर भरल्या पिशवीने केलेली तासाभराची चाल. खाण्यात आंबापोळी उत्तम ठरली. थंडीत ती चिवट होते, पण तोंडात धरून ठेवता येते आणि जेवण नकोसे वाटले तरी ती जाते.

परतताना बकरथाचच्या खालचा बर्फाचा पूल मधोमध कोसळलेला होता. आम्ही अर्धा तास ओढ्याच्या काठाने वर गेलो, तिथे पाणी दोन धारांत विभागते, आणि सकाळी साडेसहाला, पाणी कमी असताना, दोर लावून गुडघाभर पाण्यातून पलीकडे आलो. दुपारी हाच ओढा कमरेपर्यंत चढतो, असे मेंढपाळांनी सांगितले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जाणाऱ्यांनी पूल नाही असेच धरून चालावे आणि बकरथाचहून पहाटेच निघावे.