रात्रीत फुटलेले कप

संध्याकाळी स्पिनिंगने घडवलेले २४ कप तपासून मीच रॅकवर उलटे लावले होते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा १.५ मिमी पत्रा, भिंत खोल आणि सरळ, एकही सुरकुती नाही. सकाळी पाहतो तर ८ कपांच्या कडांना उभे तडे. रात्रभर कोणी हात लावला नव्हता. त्यातला एक उचलून बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या कपातून टण्णकन आवाज आला आणि डोळ्यांदेखत कडेपासून दोन बोटं खाली चीर उतरली. झाले ९.

स्पिनिंग बघणाऱ्याला सोपं वाटतं. फिरत्या फॉर्मरवर, म्हणजे कपाच्या आकाराच्या साच्यावर, गोल पत्रा टेलस्टॉकने (लेथच्या समोरच्या टोकाच्या आधाराने) दाबून धरायचा, रोलरने तो फॉर्मरवर बसवत न्यायचा. सगळी परीक्षा कडेची. पत्र्याचा घेर मोठा, कपाचा लहान. मधला धातू आवळून घ्यावा लागतो. घाई केली की कड लाटा घेते आणि बसलेली लाट सहजी निघत नाही. म्हणून रोलर आतून बाहेर, बाहेरून आत, थोडा थोडा. शेवटी भिंतीची जाडी मूळ पत्र्याच्या जवळपास भरली, तर हात बसला म्हणायचं. माझी भरली होती.

पण ३०४ प्रत्येक फेरीला कडक होत जातं. मध्ये थांबून कप १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून झटकन थंड करावा लागतो. तेच अॅनिलिंग प्लॅनिंगवाल्यांनी भट्टीचा वेळ वाचवायला काढून टाकलं होतं. ज्यांनी कधी रोलर धरला नाही, त्यांनी हे ठरवावं याचा मला अजून राग आहे.

फुटलेल्या कपाच्या तळाला चुंबक लावला, तो पडला. कडेला लावला, घट्ट बसला. मूळ पत्र्याला चुंबक धरत नाही. पण कडेचा धातू इतका आवळला गेला होता की त्याची रचनाच बदलून मार्टेन्साइट, म्हणजे चुंबक धरणारी कडक रचना, तयार झाली होती. त्यात भिंतीत कोंडलेला ताण, म्हणून हात न लावताही कड फुटली.

तिसऱ्या फेरीला आवाज बदलला होता, पत्रा रोलरला दाद देईना. मला कळलं होतं. मी फीड, म्हणजे रोलर पुढे सरकण्याचा वेग, कमी केला, वंगण वाढवलं आणि पुढे गेलो. तपासणीच्या कागदावर सही माझीच आहे.

उरलेले १५ पाठवून द्या, तडा कुठे आहे, असं तपासणीवाले म्हणतात. त्यांच्याही कडांना चुंबक धरतो. मी रॅकला लाल पट्टी लावून ठेवली आहे.