कयाकची नोंदवही : आठवा महिना

या महिन्यात कयाक, म्हणजे वल्हवायची चिंचोळी होडी, नदीवर चाळीस किलोमीटर वल्हवायचे ठरवले होते. प्रत्यक्षात सतराच झाले, आणि त्यांतलेही निम्मे अंतर एकाच रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या वेगवान टप्प्याच्या, वरखाली फिरण्यात गेले. त्याची मला खंत नाही. अंतर मोजण्याची सवय मी धावण्याच्या छंदातून इथे आणली होती, आणि नदीवर तिचा फारसा उपयोग नाही, हे कळायला मला आठ महिने लागले.

आधी रोलचा, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सरळ करण्याचा, हिशेब. संथ पाण्यात ५० प्रयत्नांपैकी ४१ वेळा कयाक सरळ झाली, वाहत्या पाण्यात ९ पैकी ३ वेळा. संथ पाण्यात केव्हा उलटायचे ते आपण ठरवतो, श्वास भरून घेतो, पॅडल जागेवर ठेवतो आणि मगच उलटतो. प्रवाहात मात्र नाकात पाणी शिरते, पॅडल कोणत्या बाजूला आहे ते उमगत नाही आणि आधी डोके वर काढण्याची घाई होते. ती घाईच घात करते. कमरेच्या झटक्याने प्रथम बोट सरळ व्हावी, धड तिच्यामागून यावे आणि डोके सर्वांत शेवटी, हा क्रम तोंडपाठ असूनही माझे सहाही फसलेले प्रयत्न डोके लवकर उचलल्यामुळेच फसले. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांसाठी ही विद्या हौसेची नव्हती, कारण तिथल्या गार पाण्यात कयाकबाहेर पडणे म्हणजे बहुधा मरणच. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा यांनी त्या रोलची केवळ लिखित वर्णने वाचून १९२७ मध्ये तो साधला. मला तर शेजारी उभे राहून ओरडणारा प्रशिक्षक आहे. तेव्हा सबबी सांगण्यात अर्थ नाही.

बाकीचा सगळा सराव एका खडकाभोवती झाला. साधारण माणसाच्या उंचीचा हा खडक प्रवाहाच्या मधोमध आहे आणि त्याच्या आडोशाला पाणी उलट, म्हणजे वरच्या दिशेला, वाहते; अशा पाण्याला एडी म्हणतात. मुख्य धार आणि ही एडी यांच्यामधली रेघ लांबून वीतभर रुंद वाटते. जवळ गेल्यावर तिच्यात छोटे छोटे भोवरे फिरताना दिसतात. त्यांतल्या एका भोवऱ्यात एक वाळलेले पान गिरक्या घेत खाली गेले आणि दोन हात पुढे वर आले, ते पाहिल्यावर त्या रेघेविषयीचा माझा आदर वाढला. एडीतून बाहेर पडताना कयाकचे टोक रेघ ओलांडते, तेव्हा धार टोकाला खाली ओढते आणि एडी शेपटाला वर धरून ठेवते. नेमक्या त्या क्षणी बोट उताराच्या बाजूला कलती करायची असते, म्हणजे वरच्या अंगाची कड पाण्याबाहेर राहते. भीतीपोटी शरीर मात्र अंगावर येणाऱ्या पाण्याकडे झुकते, ती कड बुडते, पाणी तिच्यावर चढते आणि पापणी लवण्याच्या आत बोट उलटते. अकरा वेळा उलटलो. बाराव्या वेळी बोट जणू स्वतःहून वळली, आणि त्यानंतर महिनाभर तसे सहज वळणे पुन्हा फक्त तीनदा जमले.

फेरीविषयी, म्हणजे वाहून न जाता धार आडवी ओलांडण्याविषयी, थोडक्यात : टोक वरच्या दिशेला, धारेशी कोन लहान आणि पाणी जितके वेगवान तितका तो आणखी लहान. हे बऱ्यापैकी बसले आहे.

तिसऱ्या आठवड्यातली फजिती मात्र सविस्तर लिहिली पाहिजे. सकाळी मापकावर प्रवाह १४ घनमीटर प्रतिसेकंद होता, जेवून परतलो तेव्हा २२. वरच्या धरणातून पाणी सोडले होते आणि सोडण्याची वेळ आम्ही पाहिलीच नव्हती. चूक सर्वस्वी आमची. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, तेव्हा दर सेकंदाला आठ टन पाणी अधिक येत होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे सूत्र मला पाठ होते. अंगावर घेतले त्या दिवशी प्रथम. माझा खडक पाण्याखाली गेला होता, एडीच्या जागी उसळता फेस होता, आणि सकाळी दुसऱ्या श्रेणीचा असलेला रॅपिड आता निःसंशय तिसऱ्या श्रेणीचा होता. अवघडपणाची एक ते सहा ही श्रेणी आपण जागेला चिकटवून टाकतो, पण ती त्या घटकेच्या पाण्याची असते.

उलटलो, दोन रोल फसले, स्प्रे स्कर्ट (बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती बसवलेले आवरण) ओढून बाहेर पडलो. पाठीवर, पाय पुढे आणि पृष्ठभागाशी ठेवून वाहत गेलो. पाणी कमरेएवढे लागले तेव्हा उभे राहण्याचा अनावर मोह झाला, तो आवरला. वाहत्या पाण्यात पाय दोन दगडांमध्ये अडकला तर प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून धरतो, आणि तेही कमरेएवढ्या पाण्यात. मित्राने फेकलेल्या पिशवीची दोरी दुसऱ्या फेकीत हाती लागली. पॅडल गेले ते गेलेच.

तेव्हापासून धरणांविषयी वाचत आहे. अमेरिकेच्या ग्रँड कॅनियनमधला कोलोराडो नदीचा प्रवास राफ्टिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो, पण १९६३ पासून ग्लेन कॅनियन धरणाने गाळ अडवल्यामुळे, ज्या वाळूच्या पट्ट्यांवर राफ्टवाले मुक्काम करतात ते झिजत गेले. १९९६ मध्ये मुद्दाम मोठा प्रवाह सोडून तळाची वाळू उचलून पट्टे पुन्हा भरण्याचा पहिला प्रयोग झाला. याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्याच क्लामथ नदीचे आहे, जिच्यावरची चार धरणे २०२४ पर्यंत काढून टाकण्यात आली. सामन माशांना वरची वाट मोकळी झाली आणि बुडालेले रॅपिड पुन्हा उघडे पडले. आपला छंद चालतो तो कोणीतरी वर घेतलेल्या निर्णयावर. म्हणून मी वहीत आता किलोमीटरचा रकाना खोडून तिथे प्रवाह, पाण्याचे तापमान आणि काठावरच्या एका ठरावीक दगडापर्यंतची पातळी लिहितो. आठ नोंदी झाल्या आहेत. १७ घनमीटरच्या पुढे माझी एडी नाहीशी होते, एवढे त्यांतून हाती लागले आहे.

पुढच्या महिन्यात डाव्या बाजूचा रोल आणि उसने न मागता नवे पॅडल.