स्पॅनिश शिकायला परदेशी जाताना शाळा कशी निवडावी

शाळेच्या माहितीपत्रकात ‘आठवड्याला २० तासिका’ असे छापलेले असेल, तर त्यांची एक तासिका किती मिनिटांची, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. मी ते विचारले नव्हते. दक्षिण स्पेनमधील एका शाळेत मी पहिल्यांदा दोन आठवड्यांसाठी गेले, तेव्हा तिथली तासिका ४५ मिनिटांची निघाली आणि मी मनाशी धरलेले आठवड्याचे २० तास प्रत्यक्षात १५ भरले. पण खरे नुकसान त्या पाच तासांचे नव्हते. वर्गात आम्ही दहा जण होतो, त्यांतले बहुतेक विशीतले आणि उत्तर युरोपातून आलेले. मधल्या सुट्टीत सगळे इंग्रजीत बोलत, वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरातही इंग्रजीच चाले, आणि रात्री मी घरी फोन करून मराठीत बोलत असे. चौदा दिवसांत दुकानातली खरेदी सोडली, तर वर्गाबाहेर स्पॅनिशमधला एकही धड संवाद माझ्या वाट्याला आला नाही. मुले चांगली होती, शिक्षिकाही मनापासून शिकवत होत्या. शाळा निवडताना काय पाहायचे, हेच मला ठाऊक नव्हते.

मी एकोणपन्नास वर्षांची आहे आणि सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीचे काम पाहते. आमचे काही ग्राहक चिली आणि कोलंबिया या देशांतले आहेत. टपाल इंग्रजीत चालते, परंतु मालाच्या रंगात फरक पडला किंवा जहाज चुकले की समोरचा माणूस फोनवर आपल्या भाषेत बोलू लागतो, आणि अशा वेळी त्याला त्याच्याच भाषेत दोन शब्द सांगता यावेत, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. दुसऱ्यांदा जायचे ठरवले तेव्हा मी सहा महिने आधीपासून चौकशीला लागले, आणि या वेळी सुरुवात माहितीपत्रकांपासून न करता स्वतःच्या लहानपणापासून केली.

माझे बालपण साखर पेठेत गेले. आजूबाजूला बहुतेक घरे पद्मशाली विणकरांची होती, अंगणापर्यंत मागांचा खडखडाट ऐकू येई आणि बोलणे तेलुगूत चाले. मला कुणी तेलुगू शिकवली नाही. शेजारच्या अक्का रोज दुपारी ‘तिन्नावा?’ म्हणजे ‘जेवलीस का?’ असे विचारत, आणि उत्तर देता देता एक दिवस मला ती भाषा येऊ लागली. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे असा अनुभव इथल्या बहुतेकांच्या गाठीशी असतो. तो आठवल्यावर माझ्या लक्षात आले की वर्गाचे चार तास संपल्यापासून झोपेपर्यंतच्या दहा तासांत माझ्याशी कोण बोलणार आहे, यावर सगळे अवलंबून आहे. शाळा निवडायची म्हणजे ते दहा तास निवडायचे, हे मी तेव्हा ठरवले.

देश कोणता, हा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. स्पेनमध्ये ‘तुम्ही’ या अनेकवचनासाठी ‘वोसोत्रोस’ हे वेगळे रूप आणि त्याची वेगळी क्रियापदे आहेत. लॅटिन अमेरिकेत ती बोलण्यात येत नाहीत, सर्वांसाठी ‘उस्तेदेस’ चालते. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ म्हणतात आणि त्याचीही रूपे निराळी आहेत. बार्सिलोनात कातालान भाषाही रोजच्या व्यवहारात असल्यामुळे रस्त्यावर कानी पडणारे सगळेच स्पॅनिश नसते. माझे ग्राहक लॅटिन अमेरिकेतले, तेव्हा तिकडेच जाणे योग्य होते. पेरूतील कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून ते वगळले. शिवाय पेरू किंवा कोलंबियातून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मेक्सिकोसाठी ही अट नाही.

व्हिसाचा हिशेब मात्र आपल्या पारपत्रावर जाणाऱ्यांनी सर्वांत आधी करावा, कारण परदेशी विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या सल्ल्यांत तो नसतोच. स्पेनला ९० दिवसांपर्यंत जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याचे शुल्क ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो, आणि बोटांच्या ठशांसाठी व्हिसा केंद्र गाठावे लागते. मेक्सिकोच्या बाबतीत भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर वेगळ्या व्हिसाशिवाय १८० दिवसांपर्यंत राहता येते. व्यापारी प्रदर्शनांसाठी काढलेला तो व्हिसा माझ्याकडे होता. अशा रीतीने मेक्सिको ठरले, आणि मेक्सिकोत वाहाका हे शहर.

वाहाकातील पाच शाळांना मी एकसारखे प्रश्न पाठवले. एका वर्गात जास्तीत जास्त किती जण? नेमक्या त्या पातळीचे विद्यार्थी नसले, तर मला वरच्या की खालच्या वर्गात बसवणार? चाळिशीपुढचे विद्यार्थी कोणत्या महिन्यांत येतात? ज्या घरी मला ठेवणार, तिथे त्याच वेळी आणखी किती विद्यार्थी असतील, आणि घरातल्या कुणाला इंग्रजी येते? दोन शाळांनी सुंदर छायाचित्रे पाठवली आणि एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. एकीने मोकळेपणाने कळवले की जुलैत ‘गेलागेत्सा’ उत्सवामुळे आणि नोव्हेंबरच्या आरंभी मृतात्म्यांच्या सणामुळे घरे भरलेली असतात, एकेका घरात तिघांना ठेवावे लागते, त्यामुळे शक्य असेल तर फेब्रुवारीत यावे. त्या उत्तरावरच माझे मन बसले. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाली की आमच्याकडेही मला रजा मिळणे सोपे जाते, आणि वाहाकात तो कोरडा, सुखद ऋतू असतो.

तरीही मी आधी एक तासाचा चाचणी वर्ग मागितला. वाहाका आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, त्यामुळे सोलापुरात रात्रीचे साडेआठ वाजले असताना तिकडे सकाळचे नऊ वाजलेले होते. मला काय येते हे त्या शिक्षिकेने विचारले नाही, ती सरळ बोलू लागली, आणि मी अडखळले तेथे थांबली. ‘मला आंबा आवडतो’ हे मी ‘मे गुस्ता एल मांगो’ असे सहज म्हटले, तेव्हा तिला आश्चर्य वाटले, कारण इंग्रजी बोलणाऱ्यांना हे वाक्य पटवून देण्यात तिचे कितीतरी तास जातात. इंग्रजीत ‘मी’ कर्ता असतो. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये आंबा कर्ता असतो आणि तो ‘मला’ आवडतो. आपण ‘घर बघते’ म्हणतो, पण ‘बहिणीला बघते’ म्हणतो. स्पॅनिशमध्येही नेमके तसेच आहे, ‘वेओ ला कासा’ परंतु ‘वेओ आ मी एर्माना’, माणसाच्या आधी तो छोटा ‘आ’ येतोच. पुस्तके इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असल्याने त्यांत या दोन गोष्टींवर पानेच्या पाने खर्च होतात. मी शाळेला विनंती केली की सकाळचे तीन तास मला चार जणांच्या गटात बसवावे आणि त्यानंतर एक तास एकटीला शिकवावे. त्या एका तासात माझ्यासाठी खरोखर अवघड असलेल्या गोष्टी व्हाव्यात: ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही ‘असणे’ची दोन क्रियापदे, भूतकाळाची दोन रूपे आणि संभावनार्थी रूपे. प्रौढ माणसाने अशी मागणी करण्यास संकोचू नये. सलग पाच तास एकट्याने शिकण्याची सोयही बऱ्याच ठिकाणी असते, पण या वयात तिसऱ्या तासानंतर डोके चालेनासे होते, हे मी अनुभवाने सांगते.

मान्यता आणि परीक्षांबद्दल थोडेच लिहिते. १९९१ मध्ये स्थापन झालेली स्पेन सरकारची सर्व्हांतेस संस्था शाळांना मान्यता देते, तिचे केंद्र दिल्लीतही आहे. तिची ‘डेले’ परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली की प्रमाणपत्र कायमचे असते, ‘सिएले’ या दुसऱ्या परीक्षेचे पाच वर्षे चालते. नोकरीसाठी कागद हवा असेल, तर शाळा त्या परीक्षेची तयारी करून घेते का, हे पाहावे. मला कागद नको होता.

घराबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. मी शाकाहारी आहे. ‘मांस नको’ एवढे सांगून मेक्सिकोत भागत नाही, कारण घेवड्याच्या उसळीला बहुधा ‘मान्तेका’ म्हणजे डुकराच्या चरबीची फोडणी असते, म्हणून तो शब्द लिहूनच मी आधी विचारले होते. यजमान सेन्योरांनी उत्तर पाठवले की त्या माझ्यासाठी तेल वापरतील, आणि चारही आठवडे त्यांनी ते पाळले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मातीच्या ‘कोमाल’वर, म्हणजे तव्यावर, मोठी पातळ ‘त्लायुदा’ ठेवली. ती मक्याची, वाळवलेली आणि कडक, मोडताना कट्ट आवाज करणारी. मी खोलीत जाऊन पिशवीतली आपली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आले आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. सेन्योरांनी भाकरीचा तुकडा मोडला, आवाज ऐकला आणि सासूबाईंना हाक मारली. मग पीठ कोणते, पाणी गरम की गार, किती दिवस टिकते, चटणीत ‘काकाउआते’ म्हणजे शेंगदाणे भाजून घालता की कच्चे, असे प्रश्न दीड तास चालले, आणि त्या दीड तासात मी वर्गातल्या एका आठवड्याहून अधिक बोलले. ऐकू आले नाही, तर मोठ्या माणसांपुढे ‘के?’ न म्हणता ‘मांदे?’ म्हणावे, हे मला सासूबाईंनी शिकवले. त्यांना सगळे ‘उस्तेद’ म्हणत, आपण आजीला ‘अहो’ म्हणावे तसे. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले, तर सेन्योरांनी दारातच विचारले, ‘या कोमियो?’ जेवलात का? त्या क्षणी मला साखर पेठेतल्या अक्का आठवल्या आणि डोळे भरून आले.

त्याच शहरात १८१८ साली बेनितो हुआरेझ हा बारा वर्षांचा मुलगा डोंगरातल्या गेलाताओ गावातून चालत आला होता. त्याची भाषा सापोतेक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची; स्पॅनिश त्याला नीट येत नव्हते. त्याची बहीण तिथे एका घरी स्वयंपाकाला होती. परक्यांच्या घरात राहून तो स्पॅनिश शिकला आणि पुढे १८५८ ते १८७२ या काळात मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष राहिला. ही हकिकत मला आमच्या वर्गात समजली, आणि माझी निवड योग्य होती असे मनाला पटले.

तिसऱ्या रविवारी सेन्योरांच्या ओळखीने मी तेओतित्लान देल व्हाये या विणकरांच्या गावी गेले. तिथे पायाने चालवायच्या हातमागांवर लोकरीचे गालिचे विणतात, आणि निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनिया किड्यांपासून लाल रंग काढतात. मागावर बसलेले गृहस्थ बायकोशी सापोतेकमध्ये बोलत आणि माझ्याशी स्पॅनिशमध्ये, जसे आमच्याकडचे जुने कारागीर घरात तेलुगू आणि मालकाशी मराठी बोलतात. मी ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, हात ठेवून ‘त्रामा?’ असे विचारले. त्यांनी मान हलवली. ‘उर्दिंब्रे,’ ते म्हणाले, आणि धोटा फेकून आडवा धागा दाखवत, ‘एस्ता एस ला त्रामा.’ मग त्यांनी मला मागावर बसवले आणि चार ओळी विणायला लावल्या. मी चुकले की ते शब्द सांगत, मी तो म्हणे, आणि पुढची ओळ सुरू होई.

परतल्यावर चिलीच्या ग्राहकाचा फोन आला. चिलीतले लोक भराभर बोलतात आणि शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात, त्यामुळे मला दोनदा ‘मांदे?’ म्हणावे लागले. तिसऱ्या वेळी समजले: त्यांना ५०० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचे, टॉवेल हवे होते, पण काठ अर्धा इंच अरुंद. मी ते तिथल्या तिथे स्पॅनिशमध्ये लिहून घेतले आणि वाचून दाखवले. पुढच्या फेब्रुवारीसाठी मी त्याच घरी सहा आठवडे मागितले आहेत. सासूबाईंनी निरोप पाठवला आहे की या वेळी चटणी दोन किलो आणावी.