पुनर्रचनेनंतर पुन्हा लागलेली गाठ

कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढला, त्याच शस्त्रक्रियेत पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन नवा स्तन घडवला. याला डीआयईपी फ्लॅप म्हणतात. पोटाचा स्नायू जागेवरच ठेवतात आणि चरबीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या छातीच्या हाडाजवळ जोडतात. जखमा छान भरल्या. पुढे बऱ्याच महिन्यांनी बाहेरच्या कडेला वाटाण्याएवढी कडक गाठ हाताला लागली.

सोनोग्राफीचा रिपोर्ट आला: कडा अनियमित, बायरॅड्स ४ (स्तनाच्या तपासणीत कर्करोगाचा संशय किती हे सांगणारी श्रेणी), बायोप्सी करावी. माझे हातपाय गळाले. नंतर सर्जन म्हणाले की या एकाच श्रेणीत कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. हे रिपोर्ट हातात देतानाच कुणी का सांगत नाही?

पुढे एमआरआय झाला. तपासणीच्या कागदावर फक्त 'स्तन काढल्यानंतर गाठ' एवढंच लिहिलं होतं. फ्लॅपचा उल्लेखच नाही! एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मात्र आधी ऑपरेशनची नोंद मागितली. फ्लॅपच्या कडेपर्यंत रक्त कमी पोचलं तर तिथली चरबी मरते, घट्ट होते, कधी तिच्यात कॅल्शियमही साठतं. याला फॅट नेक्रोसिस म्हणतात. माझ्या गाठीच्या मधोमध चरबीच दिसत होती, म्हणजे लक्षण चांगलं. पण कडेने कॉन्ट्रास्ट, म्हणजे एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध, शोषलं गेलं होतं. असं फॅट नेक्रोसिसमध्येही होतं आणि कर्करोगातही, म्हणून सुई घालून खात्री करायचं ठरलं.

बायोप्सीच्या आधी त्यांनी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून फ्लॅपला जगवणारी रक्तवाहिनी शोधली आणि सुईची वाट तिच्यापासून दूर आखली. तिथल्या त्वचेला संवेदना नसल्याने भुलीची सुई टोचल्याचं मला कळलंच नाही. नुसता दाब जाणवला, मग खट् असा आवाज. प्रत्येक तुकड्याला तोच आवाज, आणि दर वेळी मॅडम आधी सांगायच्या, "आता आवाज येईल हं." त्या एका वाक्याचा मला फार आधार वाटला.

पॅथॉलॉजीत फॅट नेक्रोसिसच निघालं, कर्करोगाच्या पेशी नाहीत. गाठ काढायची गरज पडली नाही, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली. आता प्रत्येक तपासणीला ऑपरेशनच्या नोंदीची प्रत आणि जुन्या फिल्म मी सोबत नेते, आणि कुठल्या बाजूला कोणता फ्लॅप आहे ते फॉर्मवर लिहिलंय ना, हे टेबलावर झोपण्याआधी वाचून घेते.