चोरलेला कागद आणि लवाद

बेकायदा मार्गाने मिळवला, एवढ्याच कारणावरून आपली न्यायालयं पुरावा फेटाळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयातल्या पूरनमल खटल्यापासून हे पक्कं झालंय. त्यामुळे आमच्या पणजीच्या ऑफिसात येणारे पक्षकार आंतरराष्ट्रीय लवादाकडूनही तीच अपेक्षा धरतात. मध्यंतरी एक खनिज निर्यातदार आले. डेमरेजवरून, म्हणजे जहाज ठरल्यापेक्षा जास्त रखडल्याच्या भरपाईवरून, त्यांचा लवाद सिंगापुरात चाललाय. समोरच्या कंपनीतल्या कुणीतरी ईमेलच्या छापील प्रती त्यांच्या हाती दिल्या होत्या. “वकीलबाई, कागद खरा आहे ना? मग झालं तर!”

नाही झालं. तो बाहेर कुणी काढला, हे आधी बघायला हवं.

मेथानेक्स या कॅनडाच्या कंपनीने ‘नाफ्टा’ या अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार कराराखाली अमेरिकेवर दावा लावला होता. पुराव्यासाठी साडेपाच महिने वारंवार दुसऱ्याच्या आवारात बेकायदा शिरून कचऱ्यातले कागद उचलले गेले. २००५ च्या निवाड्यात लवादाने ते स्वीकारले नाहीत. मला हे शंभर टक्के पटतं. दावेदारानेच घुसखोरी करायची आणि वर न्यायही मागायचा, हे चालू दिलं तर प्रामाणिक पक्षकाराने करायचं काय?

गुप्त सरकारी कागद जगजाहीर करणाऱ्या विकिलीक्सची गोष्ट निराळी. कोनोकोफिलिप्स या तेल कंपनीविरुद्धच्या प्रकरणात विकिलीक्सवर फुटलेले अमेरिकी दूतावासाचे गोपनीय संदेश दाखवून व्हेनेझुएलाने लवादाकडे फेरविचार मागितला. तो अधिकारच आम्हाला नाही, असं लवादाने २०१४ मध्ये बहुमताने सांगितलं. लवादातले एक सदस्य जॉर्ज अबी-साब यांनी मात्र कडक भिन्नमत नोंदवलं. मी त्यांच्या बाजूची आहे. ते संदेश व्हेनेझुएलाने चोरले नव्हते, आणि जगाने वाचलेलं फक्त न्याय करणाऱ्यांनीच वाचायचं नाही, हे मला मान्य नाही.

अपवाद एकच: वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार. कॅराट्यूब या तेल कंपनीने कझाकस्तानवर लावलेल्या दाव्यात त्या सरकारच्या हॅक होऊन जगजाहीर झालेल्या कागदांपैकी बाकीचे लवादाने घेतले, पण असा गोपनीय सल्ला बाहेरच ठेवला. ती रेघ पुसली तर अशील आमच्याशी मोकळेपणाने बोलणारच नाहीत.

आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनच्या २०२० च्या नियमांनी असा पुरावा वगळण्याची मुभा लवादाला दिली आहे, सक्ती नाही. म्हणजे निर्णय त्या-त्या लवादाचा.

निर्यातदारांच्या गठ्ठ्यात तिसऱ्याच पानावर वरती समोरच्या वकिलांच्या फर्मचं नाव दिसलं. मी गठ्ठा तिथेच मिटला आणि तसाच परत दिला. जहाज मुरगावला का रखडलं, याबद्दलचा पत्रव्यवहार समोरच्यांनी हजर करावा, असा रीतसर अर्ज आता आम्ही लवादाकडे करतोय.