चिखलीच्या भिंतीवरच्या रेघा

कोल्हापुरात चार दिवस होते. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर फिरून झालं, आत्याच्या हातचा पांढरा रस्सा पोटभर झाला. पण लिहायला बसले ते कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावातल्या एका भिंतीसाठी.

मी सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडीची. आमच्याकडे पाणी म्हटलं की टँकर, हंडे आणि भांडणं. जुलै होता. चिखलीत आत्याच्या मावससासूबाईंना, म्हणजे आजींना, भेटायला केएमटीच्या बसने निघालो, तर शिवाजी पुलाखाली पंचगंगा गढूळ होऊन फुगलेली. मी घाबरून खिडकीची दांडी धरली. शेजारच्या बाईंनी मागच्या सीटवर विचारलं, "राजाराम बंधाऱ्यावर किती झालं?" मागून आवाज आला, "सदतीस." पंचगंगेची पातळी या बंधाऱ्यावर मोजतात; ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे तिथं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

आजींच्या सोप्यातल्या भिंतीवर पुराचं पाणी कुठवर आलं त्याच्या चार रेघा होत्या, प्रत्येकीपुढं साल. १९८९, २००५, २०१९, २०२१. वरच्या दोन रेघांत वीतभरही अंतर नाही, आणि दोन्ही माझ्या डोक्याच्या वर. मी त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि पोटात गोळाच आला. २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यात टँकर चालू होते. मोटारीनं काही तासांचं अंतर, इथं माणसं होडीत आणि तिथं माणसं रांगेत.

आजी मला गोठ्यात घेऊन गेल्या. तीन म्हशी होत्या.

"एकोणीसला एक गेली माझी," त्या म्हणाल्या. "दावं सुटंना. गाठ भिजून घट्ट बसल्याली, विळा गावंना. तवापास्नं पावसाळ्यात मी निरगाठ मारत न्हाई, सुरगाठ मारतो. पोरगं आलं तरी एका हिसक्यात सुटाय पायजे."

आता सगळी गल्ली सुरगाठच मारते. कुणाच्या ट्रॉलीत कुणाची जनावरं चढवायची, अंथरुणाला खिळलेल्या दोघांना कुणी उचलायचं, सोनतळीला वैरण आधी कुणी नेऊन टाकायची, हे जूनमध्येच बसून ठरतं. १९८९ च्या पुरानंतर गावाला सोनतळीला जागा मिळाल्या. पण शेत आणि गोठा इथं, मग माणूस तिकडं कसा राहील? कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती गावाजवळच एकत्र येतात. पाण्याचा रंग बघून कुठली नदी चढलीय ते आजी सांगतात. भोगावती चढली की राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले असणार, हे त्यांना मोबाईलवर मेसेज यायच्या आधी कळलेलं असतं.

मी विचारलं, "पुराचा सरकारी आराखडा करताना तुम्हाला कुणी विचारलं का हो हे?"

"आमाला? आमाला फकस्त 'बाहेर पडा' म्हणाय येत्यात."

मला राग आला तो इथंच. आमच्याकडेही हेच चालतं. टंचाईच्या बैठकीला आराखडा आधीच टाइप होऊन आलेला असतो, आपण फक्त सह्या करायच्या. कुठल्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं, कुठल्या ओढ्याला एका वळवात पूर येतो, हे ज्या बायकांना माहीत आहे त्या मागं दारात उभ्या असतात. दुष्काळी भागात पूर येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या माणगंगा नदीला एकाएकी आलेलं पाणी बघावं. आणि लोकांना झेपत नाही म्हणावं, तर खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभं केलंच ना! नदीतल्या वाळूच्या विक्रीतून पैसा उभा केला आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा ठरवला. माणसं पाण्याशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलीत, आराखड्याचं पहिलं पान त्यांना विचारूनच लिहायला पाहिजे. हे मी आमच्या पुढच्या ग्रामसभेत उभं राहून बोलणार आहे.

निघताना आजींनी माझ्या हातात दावं दिलं. "मार बघू गाठ."

पहिल्यांदा मी निरगाठच मारली, सवयीनं. त्यांनी ती सोडली, दाव्याचा पीळ दाखवला, माझी बोटं धरून परत करून घेतली. तिसऱ्या वेळी मी टोक ओढलं आणि दावं सळकन मोकळं झालं. म्हशीनं मान हलवली.

"आता जमलं," आजी म्हणाल्या. "जा बिगीबिगी, संध्याकाळपास्नं पाणी चढणाराय."