आमची वाटचाल : वायरलेस दुरुस्तीपासून हायड्रोफोनपर्यंत

भाऊच्या धक्क्याजवळच्या आमच्या दुकानाच्या पाटीवर सुरुवातीला एवढंच होतं : वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर दुरुस्ती. बोटवाल्यांची उधारी आणि खाऱ्या हवेने गंजलेले सर्किट बोर्ड, यावर बरीच वर्षं घर चाललं. मग एका संशोधक मॅडमनी बंद पडलेला हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, आणून दिला. फिश फाइंडर काय आणि हायड्रोफोन काय, आत पिझो सिरॅमिकच असतं, दाब पडला की वीज देणारं. तो चालू झाला आणि समुद्री प्राण्यांचे आवाज टिपायच्या कामाची माणसं येऊ लागली.

मुंबईच्या किनाऱ्यालगत हंपबॅक डॉल्फिन दिसतो, तसा त्याचा छोटा नातलग फिनलेस पॉरपॉइजही असतो. डॉल्फिनची पाठ तरी दिसते. पॉरपॉइजच्या पाठीवर पंखच नाही, उड्या मारायची हौसही नाही, त्यात आपलं पाणी गढूळ. दुर्बीण लावून बसलेल्याच्या शेजारून तो निघून जातो. पण वाट आणि भक्ष्य शोधायला तो सतत क्लिक सोडतो, तेही 125 ते 140 किलोहर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान 20 लाच संपतो. आवाज टिपायचा तर त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा, दर सेकंदाला, त्याचे नमुने घ्यावे लागतात, म्हणून 96 किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 96 हजार नमुन्यांचा स्वस्त रेकॉर्डर टाकला तर डॉल्फिनच्या शिट्ट्या मिळतात, पॉरपॉइज मात्र शेजारी असूनही मिळत नाही. आम्ही सेकंदाला 3,84,000 नमुने घेतो. दिवसाला 66 जीबी! आमच्या नफ्यातला मोठा वाटा हार्ड डिस्कवाल्याकडे जातो.

यंत्र पाण्यात सोडण्याआधी ओ-रिंगवरून, म्हणजे झाकणाच्या रबरी कडीवरून, बोट फिरवायचं, एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तर आत पाणी शिरलंच म्हणून समजा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, झाकण बंद, मग हायड्रोफोनसमोर चाव्यांचा जुडगा खुळखुळवायचा. त्या खुळखुळाटात अल्ट्रासाउंड भरपूर असतो; ग्राफवर उठला की यंत्र जिवंत. जागा आम्ही तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, विचारूनच ठरवतो. डोल जाळी कुठे लागतात, उधाणाला ओढ कुठे जास्त, हे नकाशावर मिळत नाही. दोर ओढीत थरथरला तर त्याचाच आवाज सगळ्यावर बसतो. स्नॅपिंग श्रिंप या नांगी वाजवणाऱ्या कोळंबीची कडकड असतेच, तिच्यातून क्लिक वेगळे काढायला सॉफ्टवेअर आहे, तरी संशयाचे तुकडे आम्ही डोळ्यांनी तपासतो.

खरी ओढाताण गिऱ्हाइकाशी होते. एका सल्लागाराला अहवालात ‘इतके डॉल्फिन’ असा आकडा हवा होता. आवाजावरून आम्ही एवढंच सांगतो, की अमुक दिवशी इतक्या मिनिटांत क्लिक सापडले. एकच जनावर घुटमळलं की चार जण गेले, हे एका हायड्रोफोनवर कळत नाही. क्लिक नाहीत म्हणजे प्राणी नाही, असंही नाही : इतका उंच आवाज काहीशे मीटरमध्येच विरतो, शिवाय तो पुढच्या दिशेनेच जातो. दोन्ही प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या पाण्यात पायलिंग, म्हणजे बांधकामाचे खांब तळात ठोकायचे की नाही, हे असल्या आकड्यावर ठरणार असेल तर सही आमची नको. ते काम गेलं, आधीचं बिलही लटकलं.

आता दुरुस्ती मुलगा बघतो, मी बोटीवर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यात समुद्र खवळलेला. तेव्हा यंत्रं दुकानात उघडून कालवं खरवडायची, बॅटऱ्या बदलायच्या. ऑगस्टपासून पुन्हा परवानगीचे अर्ज.